अश्रूंचा मार्ग तुंबतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

डोळ्यांतून सतत पाणी वाहण्याची तक्रार या सदराकडे वारंवार येते, आणि बहुतेक पत्रांत आजवर वापरून झालेल्या थेंबांच्या बाटल्यांची यादीही असते. आता आणखी कोणते थेंब घालावेत, असा प्रश्न त्या यादीखाली असतो. पाणी कशामुळे साचते आहे हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर देणे योग्य नाही, म्हणून या विषयावरची चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : बाळंतपणासाठी मी परभणी जिल्ह्यात माहेरी आले आहे. माझे बाळ साडेचार महिन्यांचे आहे. ते तीन आठवड्यांचे झाल्यापासून त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी येते, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात आणि कोपऱ्यात पिवळी चिपडे साचतात. तीन वेगवेगळे थेंब घालून झाले. थेंब चालू असेपर्यंत बरे वाटते, बंद केले की पुन्हा तेच. आजी अंगावरचे दूध डोळ्यात पिळायला सांगतात, सासूबाई काजळ घालायला सांगतात. बाळाच्या डोळ्याला काही धोका आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रातील दोन तपशील महत्त्वाचे आहेत. त्रास जन्मल्याबरोबर नव्हे, तर तिसऱ्या आठवड्यापासून सुरू झाला, आणि तो एकाच डोळ्याला आहे. डोळ्याचा पांढरा भाग लाल होत नसेल आणि बाळ उजेडाकडे नीट पाहत असेल, तर ही अश्रुनलिका जन्मतः पूर्ण न उघडल्याची नेहमीची स्थिती असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे.

अश्रू तयार करणारी ग्रंथी डोळ्याच्या वरच्या, बाहेरील कोपऱ्यात असते. तिथून आलेले पाणी पापण्यांच्या उघडझापीने डोळ्यावर पसरते आणि नाकाकडच्या कोपऱ्यात येते. तिथे वरच्या व खालच्या पापणीच्या कडेला एकेक बारीक छिद्र असते. खालची पापणी किंचित बाहेर ओढून आरशात पाहिले तर मोठ्या माणसाला आपले छिद्र दिसू शकते. त्या छिद्रांतून पाणी अश्रुपिशवीत, पिशवीतून हाडाच्या आतून जाणाऱ्या नलिकेत आणि तिथून नाकात उतरते. रडताना नाक वाहते ते याच कारणाने. गर्भावस्थेत ही नलिका वरून खाली मोकळी होत जाते, आणि नाकात उघडणारे तिचे खालचे तोंड सर्वांत शेवटी खुले होते. अनेक बाळांमध्ये त्या तोंडावरचा पातळ पडदा जन्मानंतरही काही काळ टिकतो. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला अश्रूच फार कमी येतात, त्यामुळे अडथळा असूनही तो लक्षात येत नाही. अश्रू वाढले की डोळा पाणावू लागतो.

थेंब घातल्यावर बरे वाटून पुन्हा तेच का होते, याचे उत्तर यातच आहे. शेतातल्या पाटाचे पाणी वाहते असते तोवर स्वच्छ राहते आणि पाट तुंबला की त्याच पाण्यावर शेवाळ धरते. अश्रुपिशवीतही साचलेल्या पाण्यात एरवी निरुपद्रवी संख्येत असणारे जिवाणू वाढतात आणि त्यांचा पू कोपऱ्यात येतो. प्रतिजैविकाच्या थेंबांनी जिवाणू कमी होतात, पण पडदा जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे बाटली बदलत राहण्यात अर्थ नाही. पू फार असेल किंवा डोळा लाल झाला असेल तेव्हाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरते थेंब घालावेत.

खरा उपाय मालिशीचा आहे, आणि तो तुमच्या हातात आहे. तो पद्धतशीरपणे १९२३ साली क्रिगलर या डॉक्टरांनी मांडला आणि आजही तोच वापरला जातो. अडचण अशी की बहुतेक ठिकाणी ‘मालिश करा’ एवढेच सांगितले जाते आणि मग घरोघरी नाकावरून नुसते हळुवार बोट फिरवले जाते. त्याने काहीही साधत नाही. नख कापलेले आणि हात साबणाने धुतलेले असावेत. करंगळीचे किंवा तर्जनीचे टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडाच्या कडेवर ठेवावे. प्रथम आत, हाडाकडे दाबावे. आपल्या नखाखालचा गुलाबी रंग किंचित फिका पडेल इतका दाब पुरेसा असतो. तो दाब न सोडता बोट नाकाच्या बाजूने खाली ओढावे. पिशवीतले पाणी वर परतू नये आणि खालच्या पडद्यावर त्याचा जोर पडून तो फाटावा, हा हेतू असल्याने बोटाची दिशा आणि दाब या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात. एका वेळी पाच ते दहा वेळा आणि दिवसातून तीन-चार वेळा हे करावे. दूध पाजण्याआधीची वेळ सोयीची, कारण पोट भरल्यावर बाळ रडले तर दूध उलटते. मालिश करताना सुरुवातीला कोपऱ्यातून पू वर येईल. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो पुसावा, आणि प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा बोळा घ्यावा. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा, आणि जवळच्या रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञांकडून एकदा तरी बोटाची जागा प्रत्यक्ष पाहून घ्या.

अशा बाळांपैकी साधारण दहांतील नऊ जणांची नलिका पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप किंवा मालिशीने मोकळी होते. उरलेल्यांसाठी बाळाला थोड्या वेळासाठी भूल देऊन बारीक बोथट सळई नलिकेतून घालून पडदा उघडतात. त्याला प्रोबिंग म्हणतात. ते काही मिनिटांचे काम असते आणि बहुतेकांना एकदाच पुरते. वर्ष उलटल्यावर मात्र ‘मोठे झाल्यावर बघू’ असे म्हणत दोन-तीन वर्षे काढू नयेत. तपासणीच्या वेळी बाळाचा चष्म्याचा नंबरही पाहून घ्यावा, कारण असा अडथळा असलेल्या काही मुलांत दोन डोळ्यांच्या नंबरात फरक आढळतो आणि तो लहानपणी न सुधारल्यास एक डोळा मंद राहतो.

आजींच्या आणि सासूबाईंच्या सल्ल्यामागची काळजी मला समजते, परंतु दोन्ही गोष्टी करू नयेत असेच मी सांगेन. दूध हे जिवाणूंच्या वाढीला पोषक असते आणि ते साचलेल्या पाण्यात घालणे हिताचे नाही. काजळाचे कण पापणीच्या कडेला बसतात, शिवाय एकच डबी आणि एकच बोट घरातल्या अनेकांच्या डोळ्यांना लागते. काही प्रकारच्या सुरम्यात तर शिसे असते, आणि शिसे बाळाच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. तीट लावायचीच असेल तर ती कपाळावर किंवा गालावर पुरे.

आता ज्या खुणा दिसल्यास थांबू नये, त्या सांगतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच दोन्ही डोळ्यांतून भरपूर पू येऊन पापण्या सुजणे हा प्रसूतीच्या वेळी लागलेला संसर्ग असू शकतो आणि त्यातील एका प्रकारात दिवसभराच्या विलंबानेही बुबुळाला छिद्र पडते. बाळ उजेडात डोळे घट्ट मिटून घेत असेल, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. त्यातही डोळ्यांतून पाणी येते आणि अनेकदा ते नलिकेचेच दुखणे समजून मौल्यवान महिने वाया जातात. नाकाच्या मुळाशी निळसर गाठ दिसणे आणि तिच्यासोबत बाळाला श्वास घ्यायला त्रास होणे, हेही तातडीचे आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ आहे. तिला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शिबिरातून बसने नेले होते. तिथे पापणीच्या कोपऱ्यात सुई घालून पाणी सोडले, ते पाणी परत आले, आणि ‘पिशवी खराब आहे, आधी तिचे ऑपरेशन करा’ असे सांगून तिला परत पाठवले. ज्या डोळ्यातून तिला वर्षानुवर्षे पाणी येते त्याच डोळ्याचा मोतीबिंदू आहे. एका लहानशा पिशवीसाठी दृष्टीचे ऑपरेशन अडवणे योग्य आहे का? आमचा गाव अंबाजोगाईपासून आत आहे, पुन्हा पुन्हा जाणे जमत नाही.

उत्तर : आईंना परत पाठवणाऱ्या डॉक्टरांनी त्यांचा डोळा वाचवला, असे मी जबाबदारीने लिहितो. गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि आईंची निराशा यांची किंमत मोठी आहे हे मान्य करूनही माझे मत बदलत नाही.

आईंच्या नाकाशेजारी, डोळ्याच्या कोपऱ्यात स्वच्छ बोटाने दाबून पाहिले तर बहुधा चिकट पांढरे किंवा पिवळसर पाणी छिद्रातून वर येईल. तो पू आहे. मोठ्या वयात नलिका आकसून बंद होते तेव्हा अश्रुपिशवीत पाणी वर्षानुवर्षे साचते, आणि न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस यांसारखे जिवाणू तिथे कायम वस्ती करतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याला दोन-तीन मिलिमीटरचा का होईना, छेद घेतला जातो. बाजूच्या पिशवीतून झिरपणारे जिवाणू त्या छेदातून आत गेले तर डोळ्याच्या पोकळीत पू होतो, आणि मग दृष्टी तर जातेच, कधीकधी सबंध डोळाही काढावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात होणाऱ्या संसर्गाचे जिवाणू बहुतांश वेळा रुग्णाच्या स्वतःच्या पापण्यांवरचे आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरचेच असतात, हे १९९१ साली अमेरिकेतील संशोधनाने दाखवून दिले आणि शस्त्रक्रियेआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडिन या जंतुनाशकाचे थेंब घालण्याची पद्धत त्याच काळात रूढ झाली. निरोगी डोळ्यावरचे थोडे जिवाणू आयोडिनने आटोक्यात येतात. पुवाने भरलेल्या पिशवीपर्यंत मात्र ते पोहोचत नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे मोतीबिंदूच्या आधी सिरिंजिंग, म्हणजे आईंना केले तसे सुईने पाणी सोडून मार्ग तपासणे, करून पाहण्याची शिस्त आहे.

हा आजार पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत पुरुषांपेक्षा बराच अधिक दिसतो. हाडातला मार्ग त्यांच्यात अरुंद असतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. नाकाचे जुनाट दुखणे आणि अपघातात मोडलेले नाकाचे हाड ही आणखी कारणे. चुलीचा धूर, धूळ यांनी डोळे चुरचुरतात, त्यामुळे घरातील स्त्रीच्या डोळ्यांतून पाणी येणे हे नेहमीचेच समजले जाते आणि पदराने डोळा पुसत ती वर्षे काढते. आईंचेही तसेच झाले असावे असे पत्रावरून वाटते.

उपचाराचे दोन मार्ग आहेत. पहिला डी. सी. आर. या नावाने ओळखला जातो. त्यात पिशवी आणि नाक यांच्यामधल्या हाडात छोटी खिडकी करून पिशवीचे अस्तर थेट नाकाच्या अस्तराला जोडतात, म्हणजे बंद नलिकेला वळसा घालून पाणी नाकात उतरू लागते. इटलीच्या आद्देओ तोती यांनी ही शस्त्रक्रिया १९०४ साली मांडली, आणि पुढे तिच्यात बऱ्याच सुधारणा झाल्या. ती नाकाच्या बाजूला लहान छेद घेऊन करता येते किंवा दुर्बिणीने नाकातून, बाहेर व्रण न ठेवता करता येते. चांगल्या हातांत दहांपैकी नऊ किंवा अधिक रुग्णांत तिचा उपयोग होतो. दुसरा मार्ग पिशवी काढून टाकण्याचा. त्याने संसर्गाचे मूळ जाते, पण पाणी येणे काही प्रमाणात राहते. फार वृद्ध, अशक्त किंवा डोळे मुळातच कोरडे असलेल्या रुग्णांसाठी तो निवडला जातो. आईंचे वय ६२ आहे आणि त्यांना पाण्याचा त्रासही आहे, तेव्हा प्रकृती साथ देत असेल तर पहिला मार्ग विचारून पाहावा. त्यांना रक्तदाब असेल किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधीच सांगावी, स्वतःहून बंद करू नये. जखम भरून, पुन्हा पाणी सोडून मार्ग मोकळा असल्याची खात्री झाल्यावर काही आठवड्यांनी मोतीबिंदू काढता येतो.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तसेच लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत. शिबिरात दिलेला तपासणीचा कागद जपून ठेवा आणि तोच घेऊन बाह्यरुग्ण विभागात जा, म्हणजे एक फेरी वाचेल.

मधल्या काळात पिशवीवर एकाएकी लाल, दुखरी सूज आली आणि ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ती गाठ घरी दाबून फोडू नये, तिच्यावर चुना-हळदीचा लेप किंवा बिब्बा लावू नये. अशी फुटलेली गाठ पुढे सतत पाझरणारे छिद्र मागे ठेवते, त्यालाच लोक नासूर म्हणतात. कोपऱ्यातून रक्तमिश्रित पाणी येणे किंवा तिथे न दुखणारी कठीण गाठ वाढत जाणे हे क्वचित आढळते, पण पिशवीतील अर्बुदाची (ट्यूमरची) ती खूण असू शकते.

प्रश्न : मी लातूरला शाळेत विज्ञान शिकवते. निरोगी डोळ्यावरही जिवाणू राहतात असे वाचले. मग रोज रात्री गुलाबपाण्याने किंवा प्रतिजैविक थेंबांनी डोळे धुणे चांगले नाही का?

उत्तर : नाही. निरोगी डोळ्याच्या पृष्ठभागावर जिवाणू असतात हे खरे आहे. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, कॉरिनेबॅक्टेरियम आणि क्युटिबॅक्टेरियम ही त्यांतली नेहमी आढळणारी मंडळी. परंतु त्वचेच्या किंवा तोंडाच्या मानाने त्यांची संख्या अत्यंत थोडी असते, आणि ती थोडी राहावी याची व्यवस्था अश्रूंमध्येच आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, १९२२ साली, जिवाणूंची भित्तिका विरघळवणाऱ्या लायसोझाइम या द्रव्याचे वर्णन केले, आणि त्या प्रयोगांसाठी त्यांनी माणसांचे अश्रूही वापरले होते. अश्रूंत त्याशिवाय जिवाणूंना लोह मिळू न देणारे लॅक्टोफेरिन आणि प्रतिपिंडे असतात. प्रत्येक पापणीच्या हालचालीसोबत हे सर्व ताजे होते आणि जुने पाणी नलिकेतून निघून जाते. वाहण्याचा हा मार्ग खुला असणे हेही संरक्षणच आहे, आणि वरच्या दोन्ही पत्रांतील त्रास तेच हरवल्याचा आहे.

विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली असे दाखवले की उंदरांच्या डोळ्यावर वस्ती करणारा कॉरिनेबॅक्टेरियमचा एक प्रकार तिथल्या रोगप्रतिकारक पेशींना जागे ठेवतो, आणि तो असलेल्या उंदरांचा डोळा बुरशीच्या व घातक जिवाणूंच्या हल्ल्याला अधिक चांगले तोंड देतो. उंदरांवरून माणसाबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये, पण विनाकारण रोज प्रतिजैविक घालून आपण साध्या जिवाणूंना हुसकावतो आणि औषधाला न जुमानणाऱ्यांना जागा करून देतो, ही भीती खरी आहे. गुलाबपाणी निर्जंतुक नसते. चेहरा धुताना मिटलेल्या पापण्या स्वच्छ पाण्याने धुणे पुरेसे आहे.

थेंब घालण्याची वेळ आलीच तर एकच घालावा. डोळ्यावर एका वेळी जेमतेम ७ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि बाटलीचा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. दुसरा थेंब गालावरून ओघळून वायाच जातो.

प्रश्न : मी शेतकरी आहे, जालना जिल्ह्यात आमची ज्वारी, तूर आणि कापूस असतो. काढणीच्या आणि मळणीच्या दिवसांत माझ्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागतात, एरवी थोडेसे पाणी असते. माझीही नलिका बंद असेल का? मागच्या हंगामात ज्वारीची पात डोळ्याला लागली होती, तेव्हा दुकानातून थेंब आणून घातले आणि चार दिवसांत बरे वाटले.

उत्तर : दोन्ही डोळ्यांतून, धुळीच्या आणि वाऱ्याच्या वेळी पाणी येते आणि चिपडे धरत नाहीत, तेव्हा नलिका बंद असण्यापेक्षा डोळ्याची आग होऊन अश्रू जास्त तयार होत असण्याचा संभव अधिक आहे. कोरड्या डोळ्यांतही असेच होते : पृष्ठभाग सुकतो, चुरचुरतो आणि ग्रंथी एकदम पाणी सोडते. नेत्रतज्ज्ञ डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब घालून पाच मिनिटांनी तो किती उरला हे निळ्या उजेडात पाहतात, किंवा सिरिंजिंग करतात. त्यावरून निदान स्पष्ट होते. मळणी यंत्रावर काम करताना बाजूंनी बंद असलेला साधा चष्मा वापरावा.

मला तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य अधिक काळजीचे वाटते. पात लागून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा पडला तर दोन प्रकारचा संसर्ग होऊ शकतो. अश्रुपिशवीत पू असेल तर तिथले न्यूमोकॉकस ताबडतोब त्या ओरखड्यात शिरतात आणि जखम झपाट्याने पसरते. पिशवी निरोगी असली तरी पातीवरची फ्युजेरियम, ॲस्परजिलस यांसारखी बुरशी जखमेत रुजते, आणि ती हळूहळू, आठवडाभर फारसे न दुखता वाढते. दुकानात मिळणाऱ्या अनेक थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली आणि ठणका लगेच कमी होतो, म्हणून माणसाला बरे वाटते, आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. अशा जखमेनंतर डोळ्यात फूल पडले की गेलेली दृष्टी थेंबांनी परत येत नाही. मागच्या वेळी आपले निभावले. या वेळी पात, काडी किंवा कस्पट लागून डोळा लाल झाला, पाणी वाहू लागले, उजेड सहन होईना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर डोळा न चोळता त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. घरात उघडी असलेली कोणतीही बाटली आधी डोळ्यात रिकामी करू नये, कारण जखमेवरून खरवडून घेतलेल्या नमुन्यात जिवाणू आहेत की बुरशी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून औषध ठरवायचे असते, आणि आधीच थेंब पडलेले असले की तो नमुना पुष्कळदा काहीच सांगत नाही.